गुळवेलीचे गुण छापता तसं ओळख, माप आणि मुदतही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या पेपरच्या आरोग्याच्या पानावर गुळवेल येतेच, यंदाही आली. सर्दी, खोकला, ताप, इम्युनिटी, सगळ्यावर गुणकारी, रोज सकाळी उपाशीपोटी काढा घ्या, असं चौकटीत होतं आणि खाली अजून पाचसहा आजारांची नावं. वाचून बरं वाटलं कारण गुळवेल माझी फार आवडती वेल आहे, पण चौकट संपली तरी किती घ्यायची, किती दिवस घ्यायची, कुणी घ्यायची नाही आणि मुळात ओळखायची कशी यातलं एक अक्षरही नव्हतं. फोटोत नुसती दोन पानं होती, हृदयाच्या आकाराची. अशी पानं असलेल्या वेली आपल्याकडे कुंपणाकुंपणावर असतात हो. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा मोठं झालंय पण शक्य असेल तर पूर्ण छापा.

मी वाईजवळ छोटी नर्सरी चालवते. कोविडच्या आधी गुळवेल मागणारं माणूस क्वचित यायचं, आलंच तर एखादी आजी किंवा कुणी वैद्य. आता जून उजाडला की रोज कुणीतरी विचारतं, ताई गिलोय आहे का, आणि हातात मोबाईल, मोबाईलमधे फॉरवर्ड आलेला फोटो. मागच्या पावसाळ्यात एक काका पिशवी भरून वेल तोडूनच घेऊन आले, सोसायटीच्या मागच्या कंपाउंडवर भरपूर आहे, आम्ही सगळे रोज उकळून पितो, फक्त कडू का लागत नाही तेवढं सांगा म्हणाले. पिशवीत वासनवेल होती. पानं लहान, हाताला लवदार मऊ लागणारी, खोड सुतळीएवढं बारीक. वासनवेलीची गंमत अशी की ताजी पानं पाण्यात चोळली आणि ते पाणी ठेवून दिलं की थिजतं, चमच्यानं कापता येईल इतकं घट्ट होतं. काकांना तिथेच वाडग्यात पानं चोळून दाखवली, चहा होईपर्यंत पाणी थिजलं होतं. वासनवेलही औषधीच आहे पण तिचं काम वेगळं, आणि सोसायटीतली चारपाच घरं ती इम्युनिटीसाठी म्हणून पीत होती. पहाडवेलीचंही तसंच, तीही गुळवेलीच्याच कुळातली, पान दुरून सारखं दिसतं आणि लोक घेऊन येतात.

तर ओळख पानावरून करायचीच नाही, खोडावरून करायची. गुळवेलीचं जुनं खोड बोटाएवढं जाड किंवा त्याहून जास्त असतं, वरची साल कागदासारखी पातळ, मातकट रंगाची, नखानं ओढली की सोलून येते आणि आत हिरवंगार दिसतं. सालीवर बारीक बारीक उठावदार ठिपके असतात. उंच झाडावर चढलेली असेल तर फांद्यांवरून दोऱ्यासारख्या लांब मुळ्या खाली लोंबत असतात, काही तर जमिनीला टेकतात. पानाचा देठ लांब, बुडाशी जरा फुगलेला आणि पीळ पडलेला. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे कात्रीनं खोड आडवं कापायचं आणि कापलेली बाजू बघायची, बैलगाडीच्या चाकाला आरे असतात तशा रेघा मधून कडेकडे गेलेल्या दिसतात. एकदा बघितलं की परत चुकणार नाही. चव कडू, जिभेवर बराच वेळ राहणारी. थंडीत मादी वेलीला वाटाण्याएवढी लाल फळं धरतात, नर वेलीला नाही धरत, त्यामुळे फळ नाही म्हणजे गुळवेल नाही असं समजू नका.

अजून दोन भाऊबंद लक्षात ठेवायचे. एकीची पानं मोठी आणि खालच्या बाजूनं केसाळ, ती गुळवेल म्हणून बाजारात सर्रास मिसळली जाते. दुसरी टिनोस्पोरा क्रिस्पा, खोडावर ठळक गाठी गाठी आणि कापल्यावर दुधासारखा चीक. आपली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, तिला असा चीक येत नाही. गाठी दिसल्या, चीक दिसला, तर घरी नेऊ नका.

आता उपयोगाचं. आमच्या घरी गुळवेल लागते ती तापाला, म्हणजे सर्दी होऊन गेली, अंगात कणकण राहिलीय, तोंडाला चव नाही, भूक मेलीय, अशा वेळी. आई बोटभर लांबीचा ताजा तुकडा घ्यायची, वरची साल खरवडायची, पाट्यावर ठेचायची आणि मातीच्या भांड्यात रात्रभर पाण्यात ठेवायची, सकाळी गाळून ते पाणी. चारपाच दिवस, ताप हटला की बंद. काढा करायचा असला तर ठेचलेली गुळवेल, चिमूटभर सुंठ, चार तुळशीची पानं, पाणी आटवून पाव राहीपर्यंत उकळायचं. सत्त्व करणं हे नेटाचं काम, खोड ठेचून पाण्यात भिजत घालायचं, कुस्करून गाळायचं, मग ते पाणी न हलवता ठेवलं की तळाशी पांढरा साका बसतो, वरचं पाणी हळू ओतून टाकायचं आणि साका वाळवायचा. किलोभर वेलीतून हातात येतं ते अगदी थोडं. म्हणून ढिगानं आणि स्वस्तात मिळणारं सत्त्व बघितलं की मला शंका येते, त्यात दुसरा कुठला तरी स्टार्च नसेल कशावरून.

मापाचं म्हणाल तर आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या सरकारी प्रमाणग्रंथात, ते स्पष्ट दिलेलं आहे, चूर्ण ३ ते ६ ग्रॅम, काढ्यासाठी भरड २० ते ३० ग्रॅम. म्हणजे माप आहे, छापायला काही अडचण नाही. पण व्हॉट्सअपवर येतं ते मूठभर, वीतभर, चालेल तेवढं. कुणाची मूठ? आठ वर्षांच्या पोराला आणि सत्तर किलोच्या माणसाला एकच वीत? लहान मुलांचं माप वैद्यानंच ठरवायचं असतं, आईनं फॉरवर्ड वाचून नाही.

आणि सर्दीबद्दल खरं सांगायचं तर साधी व्हायरसची सर्दी ही आठवडाभरात, फार तर दहा दिवसांत, आपली आपण जाते. गुळवेल प्या, नका पिऊ. (अँटिबायोटिकचंही तेच, ते बॅक्टेरियावर चालतं, सर्दीच्या व्हायरसवर नाही, तरी लोक मेडिकलमधून तीन गोळ्या मागून घेतात.) गरम पाणी, आराम, मिठाच्या गुळण्या, हळद-दूध, आलं घातलेला चहा यानं बरं वाटतं आणि तेवढं पुरेसं असतं. गुळवेलीनं सर्दी पळते असं सरसकट लिहिणं मला पटत नाही. पण सर्दीचा दुसरा एक प्रकार आहे, धुळीची, परागकणांची, सकाळी उठल्या उठल्या वीस शिंका येणारी, डोळे खाजणारी, ॲलर्जीची सर्दी. तिच्यावर गुळवेलीचा नीट अभ्यास झालाय, आणि तोही आपल्या नागपूरच्या डॉक्टरांनी केलेला, २००५ साली प्रसिद्ध झालेला. ७५ रुग्ण होते, काहींना गुळवेलीचा अर्क आणि काहींना नुसती दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी, ८ आठवडे. गुळवेल घेतलेल्यांपैकी ८३ टक्के लोकांच्या शिंका पूर्ण थांबल्या, नाक गळणं, चोंदणं, खाजणं यातही बऱ्याच जणांना आराम पडला. अभ्यास एकच आहे, रुग्णही फार नाहीत, पण ही माहिती किती कामाची आहे बघा. ज्याला दर ऑक्टोबरात शिंकांनी हैराण व्हायला होतं त्यानं वैद्याला जाऊन विचारावं की मला गुळवेल चालेल का. हे कुठल्याच चौकटीत मी वाचलेलं नाही, तिथे आपली एकच इम्युनिटी असते.

इम्युनिटीवर तर काम मुंबईत झालंय, केईएम हॉस्पिटलमधे, डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं. डहाणूकरबाई मराठी वाचकांना झाडांवरच्या लेखांमुळे माहीत आहेत पण त्या फार्माकॉलॉजीच्या, म्हणजे औषधशास्त्राच्या, मोठ्या डॉक्टर होत्या. १९९३ मधे त्यांच्या टीमचा अभ्यास आला. पित्ताची नळी बंद होऊन कावीळ झालेले, ऑपरेशनची वाट बघणारे ३० रुग्ण. अशा रुग्णांची प्रतिकारशक्ती खालावते आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरून जीव जातो. नेहमीच्या उपचाराबरोबर ज्यांना गुळवेल दिली त्यांच्यापैकी एकालाही तसा संसर्ग दिसला नाही, ज्यांना दिली नाही त्यांच्यात निम्म्या लोकांना दिसला. मला हे वाचून गुळवेलीचा फार अभिमान वाटला होता. पण बघा, रुग्ण निवडलेले, वेल ओळखून घेतलेली, अर्क मोजून दिलेला, डॉक्टर रोज तपासणारे. गुळवेलीत जोर आहे हे त्यातून कळतं, आणि ज्याच्यात जोर आहे ते मोजूनच द्यायचं असतं.

आणि त्याच मुंबईत २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमधे लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांना सापडले, सगळ्यांनी इम्युनिटीसाठी गुळवेल घेतलेली. २०२१ मधे ते छापून आलं आणि भांडण सुरू झालं. आयुष मंत्रालयानं सांगितलं की त्या लोकांनी घेतलेली वेल गुळवेलच होती हे डॉक्टरांनी तपासलेलंच नाही, ती क्रिस्पा असू शकते. मग २०२२ मधे देशातल्या १३ हॉस्पिटलमधले ४३ रुग्ण एकत्र करून अजून एक पेपर आला. त्यात त्रास सुरू झाला तो साधारण महिना-दीड महिना घेतल्यावर, आणि बऱ्याच जणांची इजा ऑटोइम्यून प्रकारची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटलेली. मंत्रालयाचं म्हणणं तरी तेच की गुळवेल सुरक्षित आहे.

दोन्ही बाजूंनी टीव्हीवर इतकं बोललं गेलं की लोकांचे सरळ दोन गट पडले, एकाला गुळवेल अमृत आणि दुसऱ्याला विष. माझ्याकडे येणारी माणसं आजही यातलंच एक काहीतरी बोलतात. मला विचाराल तर वेल तपासायला हवी होती हा मंत्रालयाचा मुद्दा बरोबर आहे, काकांची पिशवी मी या डोळ्यांनी बघितलीय. आणि लोकांनी कुणाला न विचारता महिनोनमहिने ढोसलं हा डॉक्टरांचा मुद्दाही तितकाच बरोबर आहे. पण एक गोष्ट कुणीच मोठ्यानं सांगितली नाही. ऑक्टोबर २०२० मधे आयुर्वेद आणि योगाचा जो सरकारी कोविड प्रोटोकॉल निघाला त्यात गुळवेलीची घनवटी, म्हणजे काढा आटवून केलेली गोळी, सांगितलेली होती, ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, आणि पुढे स्पष्ट लिहिलं होतं, १५ दिवस किंवा एक महिना. मुदत होती! सरकारी कागदावर छापलेली मुदत होती. ती ओळ ना फॉरवर्डमधे आली ना पेपरच्या चौकटीत, आपल्यापर्यंत आलं ते फक्त गिलोय घ्या. आणि लोकांनी घेतली, लॉकडाऊन उठला तरी घेत राहिले, काही घरांत अजून चालू आहे. बरं, तेव्हा घरोघरी उकळला गेलेला जो आयुष काढा, तुळस चार भाग, दालचिनी आणि सुंठ दोन दोन भाग, मिरी एक भाग, त्यात गुळवेल नव्हतीच. लोकांनी आपल्या मनानं ती त्यात टाकली.

प्रतिकारशक्ती वाढवा वाढवा असं आपण म्हणतो ना, ती सगळ्यांची वाढवायची नसते. ज्यांना रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, ल्युपस आहे, सोरायसिस आहे, हाशिमोटोचा थायरॉइड आहे, त्यांच्यात प्रतिकारशक्ती आधीच आपल्याच शरीरावर चालून आलेली असते, तिला अजून चेतवून कसं चालेल. किडनी बदललेल्या माणसाला तर ती दाबून ठेवायच्या गोळ्या चालू असतात. लिव्हरचा आधीचा आजार असलेल्यांनी, गरोदर बायकांनी, अंगावर पाजणाऱ्या आयांनी स्वतःच्या मनानं घ्यायची नाही. डायबिटीसच्या गोळ्या चालू असतील तर शुगर जास्त खाली जाऊ शकते, डॉक्टरांना विचारून घ्यावी. आपल्या वाचकांत थायरॉइड आणि डायबिटीसवाले किती असतील याचा विचार करा, आणि ते सगळे ती चौकट वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी सुरू करणार.

आमच्या शेजारच्या एका मावशींची गोष्ट सांगते. थायरॉइडची गोळी वर्षानुवर्षं चालू, गुळवेलीचा काढाही चालू, दिवाळीनंतर अन्नाची वासना गेली, मळमळ, अंगाला खाज. डॉक्टरांनी विचारलं कुठली औषधं घेता, तर मावशींनी फक्त थायरॉइडची गोळी सांगितली. काढा सांगितलाच नाही, ते काय औषध थोडंच आहे, झाडपाला आहे, असं त्यांचं म्हणणं. लिव्हरच्या तपासण्या वाढलेल्या आल्या तेव्हा मुलीनं स्वयंपाकघरातली बरणी डॉक्टरांसमोर नेऊन ठेवली. काढा बंद केला, उपचार झाले, आता मावशी बऱ्या आहेत. त्या बरणीतली वेल कुठली होती, काढ्यामुळेच झालं की अजून कशामुळे, हे मी सांगू शकत नाही, डॉक्टरांनीही ठामपणे सांगितलं नाही. पण डॉक्टरांना काढ्याचं न सांगणं हे मात्र घराघरात चालतं आणि ते फार वाईट आहे. औषध म्हणून घेता ना, मग औषध म्हणून सांगा.

विकत घेणाऱ्यांसाठीही दोन शब्द छापा. पुडीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, लायसन्स नंबर, बॅच, तारीख हवी. रस्त्यावर सुटी भुकटी मिळते ती ओळखता येणं माझ्यासारखीलाही शक्य नाही, एकदा दळलं की सगळं सारखंच. त्यापेक्षा कुंडीत लावा. बोटाएवढं जाड खोड, वीतभर, जूनमधे मातीत खोचा, लागतंच. ही वेल इतकी चिवट आहे की तोडून तारेवर टाकलेला तुकडासुद्धा दिवसेंदिवस हिरवा राहतो आणि हवेतच कोंब काढतो. कडुनिंब असेल तर त्यावर चढवा, निंबावरची गुळवेल जुने लोक जास्त मानतात. पण जंगलातून आणणाऱ्यांना सांगायला हवं की वेल मुळापासून ओढू नका, वरचं जून खोड कापा आणि खालचं राहू द्या. आपल्या ठाणे जिल्ह्यात शहापूरकडच्या कातकरी लोकांनी वनधन केंद्रातून, म्हणजे जंगलातला माल विकायच्या सरकारी योजनेतल्या केंद्रातून, गुळवेल गोळा करून मोठ्या कंपन्यांना विकली, त्यांना पैसा मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. ही माणसं वेल ओळखण्यात आपल्या सगळ्यांच्या पुढे आहेत. उद्या भेसळीनं आणि अतिरेकानं गुळवेलीचं नाव खराब झालं तर पहिला फटका त्यांना बसणार, जाहिरात करणाऱ्यांना नाही.

तर संपादक साहेब, विनंती एवढीच आहे. गुळवेल जरूर छापा, दर पावसाळ्यात छापा. पानांच्या फोटोऐवजी सोललेल्या सालीचा आणि आडव्या कापलेल्या खोडाचा फोटो टाका. माप ग्रॅममधे द्या. मुदत दिवसांत द्या. कुणी घ्यायची नाही ते आजारांची नावं घेऊन लिहा, "वैद्यकीय सल्ल्याने घ्यावे" असं बारीक अक्षरात लिहून त्याचा काही उपयोग होत नाही, ते कुणी वाचत नाही. मजकूर छापायच्या आधी एका वैद्याला आणि एका लिव्हरच्या डॉक्टरला, दोघांनाही दाखवा, एकाच बाजूच्या माणसाला नको. जागा कमी पडत असेल तर गुणांची यादी कापा, ती लोकांना पाठ आहे.

आणि चौकटीच्या खाली ठळक अक्षरात हे टाका: कुठलाही काढा चालू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, मळमळ होऊन जेवण जाईना, तर काढा त्याच दिवशी बंद करा आणि ती पुडी किंवा वेलीचा तुकडा सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. सर्दीबरोबरचा ताप तीन दिवसांत उतरला नाही, धाप लागली, छातीत दुखलं, लहान मूल भराभर श्वास घ्यायला लागलं, तर काढ्याची वाट बघत घरी थांबू नका.

आपली नेहमीची वाचक,
एक नर्सरीवाली, वाई (जि. सातारा)